लेकीचा पहिला सिनेमा: कधी न्यावं, कसं न्यावं, आणि मधेच उठावं लागलं तर

कवडसा
लेक सव्वाचार वर्षांची झाली. गेले पंधरा दिवस रोज झोपताना एकच प्रश्न: "आई, मोठ्या पडद्यावर कधी जायचं?" शाळेतली मैत्रीण जाऊन आली आहे आणि पडदा केवढा होता ते तिने हात पसरून दाखवलंय. मलाही न्यायचं आहे, पण एकदा तोंड पोळलंय म्हणून धीर होत नाही.

ती अडीच वर्षांची असताना आम्ही तिघं गेलो होतो. लहान मुलांचाच ॲनिमेशनपट, त्यामुळे मी निर्धास्त होते. सिनेमा सुरू व्हायच्या आधी ट्रेलर लागले, त्यात एक मारधाडीचा होता. पहिला धडाका झाला आणि तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. रडली नाही, नुसती थरथरत होती. माझा हात तिच्या पाठीवर होता, तळव्याला ते कळत होतं. तरी मी "आत्ता संपेल, आत्ता संपेल" म्हणत बसून राहिले. मग तिने भोकाड पसरलं. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "एवढ्याशा पोराला आणायचं कशाला?" मी तिला उचलून बाहेर आले. त्यानंतर दोन महिने घरात मिक्सर लावला की ती कानांवर हात ठेवून दुसऱ्या खोलीत पळायची.

त्या गृहस्थांचा तेव्हा खूप राग आला होता, आता येत नाही. ती थरथरत असताना मी पाच मिनिटं उठले नाही, हे मात्र अजून मनातून जात नाही.

तर तुम्ही कितव्या वर्षी नेलंत? आवाजाचं काय केलंत? मधेच उठावं लागलं तर मुलाला काय सांगितलंत? नेऊच नये असं वाटत असेल तर तेही लिहा, फक्त कारणासकट लिहा.

पायरी
थोरली तीन वर्षं आठ महिन्यांची होती, शेवटची नावं येईपर्यंत मांडीवर हलली नाही. धाकटा साडेपाचचा आहे, दारातून आतला अंधार बघूनच परत फिरतो. एकाच घरातली दोघं. वयाचा आकडा कुणी सांगितला तरी फार मनावर घेऊ नका.

रात्रपाळी
मी मागच्या रांगेतल्या माणसाच्या बाजूने लिहितो. मला मुलं नाहीत. महिन्यातून एखादा सिनेमा बघतो आणि त्याची वाट बघत असतो. मुलांच्या सिनेमाला मूल हसलं, मोठ्याने "आता तो पडणार का?" म्हणालं, तर मला काहीच त्रास होत नाही. तो सिनेमा त्यांचाच आहे. तिथे तुम्हाला तसं बोलणारा माणूस चुकलाच.

पण रात्री साडेदहाच्या भुताच्या सिनेमाला माझ्या शेजारच्या खुर्चीवर तीनेक वर्षांचं मूल होतं. ते रडत नव्हतं, म्हणून आईबाबांना वाटलं असेल की सगळं ठीक आहे. ते पडद्याकडे पाठ करून खुर्चीच्या पाठीला चिकटून बसलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. मी सिनेमा पाहिलाच नाही. अशा वेळी अनोळखी माणसाने बोलावं की बोलू नये, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा बोललो नाही.

कवडसा
रात्रपाळी, "रडत नव्हतं म्हणून ठीक आहे" हे वाचून पोटात गोळा आला. माझीही आधी रडली नव्हती.

ध्वनीवाला
सिनेमागृहातली ध्वनियंत्रणा बसवणं आणि तपासणं हे माझं काम आहे, म्हणून आवाजाबद्दल सविस्तर लिहितो.

यंत्रणा जुळवताना पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून एक ठरावीक घरघर सोडतात आणि प्रेक्षकांच्या जागी ती ८५ डेसिबल भरेल असं लावतात. सिनेमातला सर्वांत मोठा क्षण याच्या वर २० डेसिबल जाऊ शकतो, म्हणजे एका स्पीकरमधून १०५. छातीत धडधड उठवणाऱ्या खालच्या सुरांचा वेगळा मार्ग असतो, तो ११५ पर्यंत जातो. संवाद अर्थातच खूप खाली असतात आणि हे मोठे क्षण काही सेकंदांचे असतात. म्हणून दोन तासांच्या सिनेमाने कान गेले असं सहसा होत नाही. पण मूल दचकतं ते त्या काही सेकंदांनाच.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो. मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास. हा हिशेब कानात घालून ऐकायच्या उपकरणांसाठी केलेला आहे, पण कान तोच. आवाज ३ डेसिबल वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच. एखादा दणदणीत सिनेमा सरासरी ८७ ला चालला, तर मुलाचा अख्ख्या आठवड्याचा वाटा एका बैठकीत संपला. शिवाय लहान मुलाच्या कानाची नळी आखूड असते, त्यामुळे काही तीक्ष्ण सूर आपल्यापेक्षा त्याला जास्त टोचतात.

आता ट्रेलर. सिनेमाला चढउतार असतात, मधे शांत प्रसंग येतात, कानांना विसावा मिळतो. ट्रेलरमध्ये अख्ख्या सिनेमातले धडाके अडीच मिनिटांत कोंबलेले असतात, आणि असे चार ट्रेलर पाठोपाठ येतात. कवडसाताई, तुमच्या लेकीला सिनेमाने घाबरवलंच नाही, तिने सिनेमा पाहिलाच कुठे. लहान मूल बरोबर असेल तर ट्रेलर संपेपर्यंत बाहेर थांबा. तिकीट तपासणाऱ्याला विचारलं की सिनेमा नक्की कधी सुरू होतो ते तो सांगतो.

जागेबद्दल: बहुतेक पालक मागच्या कोपऱ्यात बसतात, कारण उठायला सोपं पडतं. पण बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरही स्पीकर असतात. भिंतीलगतच्या खुर्चीत मूल बसलं तर एक स्पीकर थेट त्याच्या डोक्यावर येतो. पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतर मागे, भिंतीपासून दूर आणि मधल्या वाटेच्या कडेला बसा.

आणखी एक, जे फार कुणी करत नाही. व्यवस्थापकांना आवाज कमी करायला सांगता येतं. बऱ्याच ठिकाणी आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर, म्हणजे प्रोसेसरवर, ० ते १० आकडे असतात आणि जुळवणीचा आकडा ७ असतो. ७ वरून साडेपाचवर आणलं की ५ डेसिबल कमी होतात. संवाद तरीही स्वच्छ ऐकू येतात. मुलांच्या सिनेमाला सकाळच्या खेळाला विनंती केली तर बहुतेक जण ऐकतात, कारण त्यांनाही रडारड नकोच असते.

इअरमफ घ्या, कान पूर्ण झाकणारे. लहान मुलाच्या कानात बोळे घालू नका. नीट बसत नाहीत, आणि निघाले तर तोंडात जातात. मफ आधी घरी आठवडाभर घालायची सवय लावा. थिएटरच्या अंधारात पहिल्यांदा डोक्यावर चढवलात तर मूल ते भिरकावून देईल.

उन्हाळी झोप
आमचं बाळ पाच महिन्यांचं आहे. दूध पिऊन गाढ झोपतं, म्हणून मोठ्यांच्या सिनेमाला नेलं तर चालेल का? दीड वर्षात दोघांनी मिळून एकही सिनेमा पाहिलेला नाही. खरंच जीव कोंडल्यासारखा झालाय.

ध्वनीवाला
झोपलेल्या बाळाचे डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. मोठ्यांच्या सिनेमाला नको.

मधली सुट्टी
उन्हाळी झोप, तुमचं कोंडलेपण मी समजू शकते. बाळाला दोन तास सांभाळणारं घरचं कुणी असेल तर निःसंकोच मागा, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. काही थिएटरांत तान्ह्या बाळांच्या आईबाबांसाठी वेगळे खेळ असतात. आवाज खाली, दिवे थोडे चालू, बाळ रडलं तरी कुणी मागे वळून बघत नाही. तसा मिळाला तर जरूर जा.

आता मूळ प्रश्नाकडे. मी बालवाडीत शिकवते. सुट्टीनंतर मुलं सिनेमा पाहून येतात आणि मग काय काय चित्रं काढतात ते मी बघते. लहान मुलं कशाला घाबरतील हा मोठ्यांचा अंदाज हमखास चुकतो. जोॲन कॅन्टर या अमेरिकन संशोधिकेने आयुष्यभर याच विषयावर काम केलं. साधा माणूस चिडला की हिरवा राक्षस होतो, अशी एक दूरदर्शन मालिका होती. ती मुलांना दाखवून केलेला त्यांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. तो राक्षस चांगल्यांच्या बाजूचा, तरी बालवाडीच्या वयाची मुलं त्याचं रूप पालटताना घाबरली. मोठ्या मुलांना "हा आपल्याच बाजूचा आहे" हे कळत होतं. छोट्यांना दिसत होता तो फक्त बदललेला चेहरा.

साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मूल जे दिसतं त्याला घाबरतं. दात, डोळे, अचानक बदलणारं तोंड. खरोखर घडू शकतं अशा गोष्टींची भीती पुढे सुरू होते. म्हणूनच छोट्याला "अगं, हे खोटं असतं" सांगून उपयोग होत नाही. शब्दांनी भीती उतरायला तेवढी समज लागते. त्या वयात उपयोगी पडतं ते मांडीवर घेणं, पाठीवरून हात फिरवणं, नेहमीचं पांघरूण किंवा बाहुली. कवडसा, ती तुझ्या खांद्यात शिरली ते बरोबरच होतं, तिला हवं तेच तिने शोधलं.

मी पालकांना तीन-चार गोष्टी सांगते. गोष्ट आधी घरी सांगून टाका, शेवटासकट. आपल्याला उत्सुकता लागते, त्यांना खात्री लागते. आई हरवते का, प्राण्याला लागतं का, हे नक्की सांगा, कारण मुलं सर्वांत जास्त रडतात ती त्या दोन जागी. आणि घरी एकदा दिवे मालवून, मधे न थांबवता, एखादा तासाभराचा चित्रपट लावून बघा. मूल कितव्या मिनिटाला उठून खेळायला जातं, तेवढीच त्याची बैठक. वीस मिनिटांना उठत असेल तर अजून सहा महिने थांबलेलं बरं.

सिनेमावरचं वयाचं प्रमाणपत्र जरूर बघा, पण ते विषयाबद्दल सांगतं. आवाज किती, काळोख किती, हे त्यात नसतं.

शिस्तप्रिय
मला हे सगळं टोकाचं वाटतं. पाच वर्षांखाली नेऊच नये. २०१९ ची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते चार वर्षांना दिवसात एक तासाहून जास्त नको. सिनेमा दीड तासाचा. विषय संपला.

मधली सुट्टी
तत्त्वं बरोबर सांगितलीत, आणि दोन वर्षांखालच्यांबद्दल माझंही हेच मत आहे. चार वर्षांच्या मुलाने वर्षातून दोनदा आईबाबांच्या मधे बसून सिनेमा पाहिला, तर तो रोज जेवताना समोर फोन ठेवण्यासारखा नाही. ती तत्त्वं मुलाचा अख्खा दिवस बघतात: झोप किती, धावपळ किती, बसणं किती. त्या दिवशी घरचा पडदा बंद ठेवा आणि संध्याकाळी मैदानावर न्या.

शिस्तप्रिय
घरचा पडदा बंद ठेवणार असाल तर माझा विरोध थोडा कमी होतो. माझ्या पुतण्याला रोज तीन तास बघताना पाहतो, म्हणून तसं लिहिलं.

नातवंडांची आजी
अगं कवडसा, तुम्ही सगळे डोक्याचं बोलताय, मी बुडाचं बोलते. ती घडीची खुर्ची पोरांच्या वजनाला दबत नाही. माझी नात बसली, मागे सरकली, आणि खुर्ची तिला घेऊन मिटली. गुडघे हनुवटीला, पाय वर, दोन्ही हात खुर्चीच्या कडांना. ती किंचाळली तशी मी अंधारात चाचपडत तिला ओढून काढली. बोट सापडलं असतं तर? उंच गादी मिळते का ते आधी विचारायचं. नसेल तर खुर्चीच्या मागच्या कडेला जड पिशवी ठेवायची आणि पोराला पुढे बसवायचं. मागे पिशवी असली की पोर मागे सरकत नाही, त्याचं वजन पुढच्या कडेवर पडतं आणि खुर्ची उघडी राहते.

अंधारात आत शिरलात की दाराशी थोडं थांबा. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. पायऱ्यांवर पोराला उचलूनच न्या. फोनचा दिवा पेटवू नका, बाकीच्यांच्या डोळ्यांवर येतो.

आणि चार वर्षांखालच्याला लाह्या म्हणजे पॉपकॉर्न देऊ नका. त्याने ठसका लागून श्वास अडकतो, डॉक्टर बजावून सांगतात. अंधारात पोराचा चेहरा दिसत नाही, ठसका लागला तर कळायला उशीर होतो.

दोन टोकं
माझ्या मुलाला लुकलुकत्या प्रकाशाने झटके येतात. पहिला झटका आला तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि तोवर आम्हाला माहीतही नव्हतं. म्हणून इथे लिहून ठेवते. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि जवळजवळ ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, त्यात बहुतेक मुलं होती. २०१८ मध्ये इन्क्रेडिबल्स २ या ॲनिमेशनपटासाठी थिएटरांच्या दाराशी लुकलुकत्या प्रकाशाबद्दल सूचना लागल्या होत्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकलं की धोका सुरू होतो. मुलाला मी शिकवलंय, असं काही सुरू झालं की एका डोळ्यावर तळहात घट्ट धरायचा आणि मान वळवायची. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून प्रकाश आत येतोच. हा त्रास फार थोड्या मुलांना असतो, त्यामुळे बाकीच्यांनी धसका घेऊ नका. पण घरात कुणाला झटक्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

मोकळा वारा
माझा मुलगा स्वमग्न आहे, नऊ वर्षांचा. पहिली आठ वर्षं आम्ही थिएटरचं नावही घेतलं नाही. मग एके ठिकाणी सौम्य खेळ सुरू झाले. दिवे अर्धे चालू, आवाज खाली, ट्रेलर नाहीत, आणि कुणीही उठून फिरलं, नाचलं, हात फडफडवले तरी चालतं. अमेरिकेत एएमसी या थिएटरसाखळीने स्वमग्नतेसाठी काम करणाऱ्या ऑटिझम सोसायटीबरोबर २००७ पासून असे खेळ सुरू केले, आता अनेक देशांत आहेत.

पहिल्या दिवशी तो वाटेवरून खालीवर चालत होता. चाळीसेक मिनिटं चालतच होता. मग पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि तो होता तिथे पायरीवर बसला. मी त्याच्या मागच्या पायरीवर बसले. आम्ही पाऊस संपेपर्यंत तसेच बसून होतो. इतकी वर्षं बाहेर कुठेही गेलं की "सॉरी, सॉरी" म्हणायची मला सवय लागली होती. त्या दिवशी एकदाही म्हणावं लागलं नाही.

असे खेळ फक्त आमच्यासारख्यांसाठी नसतात. कवडसा, तुझ्या लेकीलाही चालतील. जवळच्या थिएटरला नक्की विचार. नसतील तर मागणी कर, पाच-सहा घरं एकत्र आली तर ते विचार करतात.

रात्रपाळी
मोकळा वारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अशा खेळाला मी एकटा आलो तर चालेल का?

मोकळा वारा
या की. मागच्या खुर्च्या रिकाम्याच असतात.

कवडसा
तीन आठवड्यांनी वृत्तांत लिहितेय.

सकाळचा खेळ घेतला. आदल्या दिवशी फोन करून आवाज कमी कराल का विचारलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "किती वर्षांची आहे?" आणि नोंद केली. गोष्ट तिला आधीच पाठ होती. इअरमफ आठ दिवस घरभर घालून फिरली होती. ट्रेलर संपेपर्यंत आम्ही बाहेर भिंतीवरची चित्रं बघत बसलो, आणि आत शिरल्यावर दाराशी शंभर आकडे मोजले. ते तिनेच मोजले, एकोणतीसनंतर पुन्हा वीस आले, पण मोजले.

पडदा बघून ती काहीच बोलली नाही. माझं मनगट धरून ठेवलं होतं, आणि पकड केव्हा सैल झाली ते मला कळलंही नाही. एका ठिकाणी नदीचा मोठा आवाज आला तसे तिने दोन्ही हातांनी मफ दाबून धरले, पण नजर हलवली नाही. पन्नासेक मिनिटांनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, आता बास."

नवरा म्हणाला, "अजून थोडंच राहिलंय." मी उठले. यावेळी लगेच उठले. बाहेरच्या उजेडात तिने विचारलं, "तो अस्वलाचा बाळ घरी गेला ना?" गेला म्हटलं, तुला माहितीये ना. तर म्हणाली, "माहितीये. पण मला बघायचंय. उरलेला उद्या बघू?"

उद्या नाही म्हटलं, पुढच्या महिन्यात.

घरी आल्यावर मिक्सर लावायचा होता. ती धावत जाऊन मफ घेऊन आली, डोक्यावर चढवले आणि ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "लाव."

नातवंडांची आजी
आणि खुर्ची? पिशवी टिकली का?

कवडसा
टिकली आजी. दोन शब्दकोश घातले होते.